रिवर्क वेगळं, रिपेअर वेगळं

ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं : बोअर २५ एच ७. म्हणजे भोकाचा व्यास २५.००० मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि २५.०२१ पेक्षा जास्त नको. एक जॉब तपासला, तर बोअर २४.९८ निघालं. भोक लहान आहे, धातू अजून शिल्लक आहे. पुन्हा रीमर फिरवला की जॉब मापात बसतो. याला रिवर्क म्हणतात. दुसऱ्या जॉबचं बोअर २५.१० निघालं. इथला धातू गेला तो गेला. ग्राहकाची मंजुरी मिळाली तर बोअर आणखी मोठं करून त्यात बुश बसवता येतो. जॉब काम देतो, पण मूळ ड्रॉइंगप्रमाणे तो पुन्हा कधीच होत नाही. हे झालं रिपेअर. तेही जमणार नसेल तर लाल बिन, म्हणजे स्क्रॅप.

भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे या पट्ट्यातल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये हे तीन शब्द दिवसभर कानावर पडतात. घरगुती इंग्रजीत रिपेअर, रिवर्क, फिक्स, मेंड हे एकाच माळेतले मणी वाटतात. समानार्थी शब्दांच्या पुस्तकातही ते शेजारी शेजारीच बसलेले दिसतील. पण गुणवत्ता व्यवस्थापनाच्या परिभाषेचं आयएसओ ९००० हे जागतिक मानक त्यांना अलग करतं. दोषी वस्तू मूळ अपेक्षेत बसवली तर रिवर्क. ती अपेक्षेत बसत नाही, तरी ठरलेल्या वापरासाठी स्वीकारता येईल अशी केली तर रिपेअर. फरक एका वाक्याचा आहे. त्या वाक्यावर माल ग्राहकाकडे सरळ जाणार की आधी लेखी मंजुरी लागणार, हे ठरतं.

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हणजे काय, याचं उत्तर बहुतेक वेळा आकड्यात शोधलं जातं. रोज दहा शब्द, महिन्याला तीनशे, वर्षाला साडेतीन हजार. पिंपरी-चिंचवडमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं अशा याद्या मोबाइलमध्ये घेऊन फिरतात, कारण स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेत समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांवर थेट प्रश्न येतात. नॉर्मन लुइस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ १९४९ साली अमेरिकेत निघालं आणि आजही आपल्याकडे फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात हमखास सापडतं. या मेहनतीला कमी लेखायचं कारण नाही. पण याद्या पाठ करणाऱ्यांना जे क्वचित मिळतं, ते कारखान्यातल्या ऑपरेटरला नकळत मिळालेलं असतं. शब्दाची हद्द कुठे सुरू होते, कुठे संपते, आणि शेजारच्या शब्दाशी तिचा बांध कुठे आहे, हे त्याला ठाऊक असतं. व्याख्या, समानार्थी आणि विरुद्धार्थी या तिन्ही गोष्टींचा खरा उपयोग हा बांध घालण्यासाठी आहे. आणि ज्याला शंभर शब्दांचे बांध पक्के माहीत आहेत, त्याने प्रगत इंग्रजीचा पाया घातलेला आहे, मग तो स्वतःला ‘आपलं इंग्रजी कच्चं’ असं कितीही म्हणो.

हे म्हणणारी पिढी कोणती, हेही पाहण्यासारखं आहे. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० साली ते पहिलीपासून सुरू झालं. तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते प्रा. रामकृष्ण मोरे, पिंपरी-चिंचवडचेच नेते. चिंचवडच्या प्रेक्षागृहाला त्यांचं नाव आहे. त्या निर्णयावर वाद झाला. मराठीचं काय होणार आणि खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवणार कोण, हे दोन्ही प्रश्न रास्तच होते. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यातली कितीतरी आयटीआय किंवा डिप्लोमा करून याच पट्ट्यात सेटर, लाइन इन्स्पेक्टर, सुपरवायझर झाली. त्यांना कविता आणि धडे यांतून मिळालेलं इंग्रजी एका बाजूला राहिलं. कंट्रोल प्लॅन, वर्क इन्स्ट्रक्शन आणि ग्राहकाच्या मेलमधलं इंग्रजी त्यांनी कामावर मिळवलं.

या कामावरच्या इंग्रजीचं मोठेपण एका उदाहरणात दिसतं. हार्ड, स्ट्राँग, टफ, स्टिफ. मराठीत या चारहींना कठीण, मजबूत, टणक, ताठ असं काहीही म्हणून चालून जातं. इंग्रजीतही बोलताना त्यांची अदलाबदल होते. पण धातूच्या शास्त्रात हे चार वेगळे गुण आहेत आणि चार वेगळ्या आकड्यांनी मोजले जातात. हार्ड म्हणजे ज्याच्या पृष्ठभागावर टोक दाबलं तरी खळगा सहज पडत नाही. स्ट्राँग म्हणजे जो मोठा ताण सोसतो. स्टिफ म्हणजे भार आला तरी जो फारसा वाकत नाही. टफ म्हणजे जो तुटण्याआधी भरपूर ऊर्जा पोटात घेतो, धक्का पचवतो.

इतकं पाठ करूनही घोटाळा होतोच. तो सुटतो विरुद्धार्थी शब्द विचारल्यावर. हार्डच्या उलट सॉफ्ट. स्ट्राँगच्या उलट वीक. स्टिफच्या उलट फ्लेक्झिबल. आणि टफच्या उलट? इथे बहुतेक जण सॉफ्ट म्हणतात, आणि तिथेच चुकतात. टफच्या उलट ब्रिटल, म्हणजे ठिसूळ. काच हार्ड असते पण टफ नसते, म्हणून तिच्यावर सहज ओरखडा उठत नाही, मात्र हातातून पडली की तुकडे होतात. गिअरबॉक्समधल्या गिअरला हे दोन्ही गुण लागतात. दात एकमेकांवर घासतात म्हणून वरचा थर हार्ड हवा. क्लच सोडताना झटका बसतो म्हणून आतला गाभा टफ हवा. यासाठीच गिअरला केस हार्डनिंग करतात, म्हणजे वरच्या थरात कार्बन मुरवून फक्त तेवढाच थर कडक करतात. आख्खा गिअर आरपार कडक केला तर दात तडकतील. हीट ट्रीटमेंट विभागात काम करणाऱ्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. त्याला हार्ड आणि टफ यांच्यातला बांध भट्टीपाशी उभा राहून कळलेला असतो.

समानार्थी शब्दांचा जगातला सर्वांत प्रसिद्ध संग्रह करणारा माणूसही मोजमापाच्या जगातलाच होता, हे फार कमी लोकांना माहीत असतं. पीटर मार्क रॉजे हे इंग्लंडमधले डॉक्टर. कॅल्क्युलेटर येण्याआधी अभियंत्यांच्या हातात जी स्लाइड रूल असायची, तिच्यावरची लॉग-लॉग पट्टी त्यांनीच १८१५ च्या सुमारास मांडली. घात आणि मूळ काढण्याचं काम तिच्यामुळे सोपं झालं. शब्दांची वर्गवारी करायला त्यांनी १८०५ मध्ये सुरुवात केली आणि ‘थिसॉरस’ प्रसिद्ध झाला १८५२ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी. शब्द अक्षरांच्या क्रमाने न लावता त्यांनी कल्पनांच्या क्रमाने लावले, एकूण एक हजार मथळ्यांखाली, आणि शक्य तिथे परस्परविरोधी कल्पना पानावर समोरासमोर ठेवल्या. आपल्याकडे ही रीत नवी नव्हती. पाठशाळेत मुलं अमरकोश तोंडपाठ करत, तोही विषयवार लावलेला पर्यायी शब्दांचाच संग्रह. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेला राज्यव्यवहारकोशही किल्ले, शस्त्रं अशा वर्गांत शब्द मांडतो, आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांसमोर संस्कृत प्रतिशब्द देतो.

मात्र रॉजे यांच्या ग्रंथात एक गोष्ट मुद्दामच नव्हती. त्यात व्याख्या नाहीत. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे, त्याच्या ओठांवर अडलेला शब्द त्याला आठवावा, यासाठी तो केलेला आहे. ज्याला शब्दांमधले फरकच माहीत नाहीत, त्याच्या हातात हा ग्रंथ पडला की तो ‘थिन’च्या जागी ‘स्किनी’ लिहितो आणि शीट मेटल हडकुळं होऊन बसतं. म्हणून थिसॉरस उघडायचा तर शेजारी शब्दकोश हवाच.

आणि शब्दकोश कोणता, हाही प्रश्न आहे. मराठी माणसाला या बाबतीत मोठी पूर्वपुण्याई लाभली आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, आणि त्यांनी सुरू करून थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. एकोणिसाव्या शतकात इतक्या लवकर आणि इतक्या तोलाचे कोश लाभलेल्या भाषा देशात थोड्याच होत्या. अशा द्विभाषी कोशाचा एक स्वभाव असतो. एका इंग्रजी शब्दापुढे तो मराठी पर्यायांची रांग उभी करतो, आणि त्यातला कुठला कुठे लागू पडतो, ते वाचणाऱ्यावर सोडतो. टॉलरन्सपुढे ‘सहनशीलता’ लिहिलेलं वाचून व्हर्निअर हातात घेतलेल्या मुलाला काही उमगत नाही. त्याला हवी असते व्याख्या : एखाद्या मापाची जास्तीत जास्त मर्यादा आणि कमीत कमी मर्यादा यांतला फरक. सुरुवातीच्या त्या बोअरचा टॉलरन्स २१ मायक्रॉन, इतकं सांगितलं की संपलं. दोन जोडायच्या भागांमध्ये मुद्दाम ठेवलेला फरक म्हणजे अलाउन्स, आणि प्रत्यक्षात राहिलेली मोकळी जागा म्हणजे क्लिअरन्स. मोकळी जागा राहण्याऐवजी शाफ्ट भोकापेक्षा मोठा असेल आणि दाबून बसवावा लागत असेल, तर क्लिअरन्सच्या उलटचा शब्द येतो, इंटरफिअरन्स. घरात याच शब्दाचा अर्थ लुडबूड असा होतो.

सोप्या शब्दांत व्याख्या देणारे कोश इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी जगात तयार झाले, त्यांची एक मुळी आपल्या उपखंडात आहे. मायकेल वेस्ट हे भारतीय शिक्षण सेवेतले अधिकारी ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून कोणते शब्द आधी शिकवावेत, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९३५ साली त्यांनी एक कोश काढला. त्यात सुमारे २४ हजार शब्द आणि वाक्प्रचार होते आणि त्या सगळ्यांच्या व्याख्या फक्त १,४९० शब्द वापरून लिहिल्या होत्या. म्हणजे ज्याला हे दीड हजार शब्द येतात, तो उरलेले शब्द स्वतःच्या बळावर वाचू शकतो. पुढे १९७८ मध्ये लाँगमनच्या कोशाने दोन हजार शब्दांत व्याख्या लिहिण्याची तीच पद्धत उचलली. ए. एस. हॉर्नबी यांचा, पुढे ऑक्सफर्डच्या नावाने घरोघरी गेलेला कोश, १९४२ साली पहिल्यांदा टोकियोत छापला गेला. हे कोश शिकणाऱ्यांसाठी आहेत. परभाषेतून इंग्रजीत येणाऱ्या माणसाच्या अडचणी ओळखून ते केले आहेत. पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक वाचनालयात आणि कारखान्यांच्या ट्रेनिंग रूममध्ये यातला एक तरी टेबलावर उघडा असायला हवा. भिंतीवरच्या ‘मोटिव्हेशनल’ पाट्यांपेक्षा त्याचा उपयोग शतपटीने होईल.

विरुद्धार्थी शब्द मात्र जपून हाताळावे लागतात, आणि औद्योगिक पट्ट्यात तर जिवाच्या भीतीने जपावे लागतात.

पुणे-नाशिक महामार्गावर जाणाऱ्या टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. इंग्रजीत ‘इन’ लागला की बऱ्याचदा अर्थ उलटतो. करेक्ट, इनकरेक्ट. कम्प्लीट, इनकम्प्लीट. त्याच चालीने इन्फ्लेमेबल म्हणजे ‘न पेटणारं’ असं कुणाला वाटलं, तर त्यात त्याचा दोष नाही. प्रत्यक्षात फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्हींचा अर्थ ‘चटकन पेटणारं’ असाच आहे, कारण इथला ‘इन’ नकाराचा नाही. लॅटिनमधल्या ‘पेटवणे’ या क्रियापदातूनच तो आला आहे. हा गोंधळ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचाही होतो. म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय संघटनेने १९२० च्या दशकापासूनच ‘इन्फ्लेमेबल’ सोडून ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला. उलट अर्थ हवा असेल तर शब्द नॉन-फ्लेमेबल. असाच फसवा शब्द इनव्हॅल्युएबल. ‘तुमची मदत इनव्हॅल्युएबल होती’ असं कुणी लिहिलं तर राग मानू नये. मोल करता येणार नाही इतकी मोठी, असा त्याचा अर्थ आहे.

बेंजामिन ली व्होर्फ हे नाव भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. पोटापाण्यासाठी ते अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या अग्निविमा कंपनीत काम करत आणि आगी कशा लागल्या याचे अहवाल तपासत. त्यांच्या लक्षात आलं की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसं सावध वागतात, आणि ‘एम्प्टी’ लिहिलेल्या पिंपांजवळ बेफिकीर होतात, सिगारेटसुद्धा ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ उरते आणि हवेत मिसळलेली ती वाफ भरलेल्या पिंपापेक्षा जास्त धोक्याची असते. ‘फुल’च्या उलट ‘एम्प्टी’, आणि ‘एम्प्टी’ म्हणजे आत काही नाही, या शब्दांच्या सवयीने माणसं गाफील राहिली. थिनर आणि सॉल्व्हंटचे रिकामे ड्रम ज्या पेंट शॉपच्या मागे रचलेले असतात, तिथे ही गोष्ट इंडक्शनच्या पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

ओपन आणि क्लोज्ड ही जोडी याहून रोजची. पाइपावरचा व्हॉल्व्ह ओपन असेल तर पाणी वाहतं, क्लोज्ड असेल तर थांबतं. विजेचं बरोबर उलट. सर्किट ओपन असेल तर प्रवाह थांबतो, क्लोज्ड असेल तर वाहतो. आता यात मराठी मिसळा. आपण ‘स्विच बंद कर’ म्हणतो तेव्हा प्रवाह थांबवायचा असतो, आणि इंग्रजी मॅन्युअलमध्ये ‘क्लोज द स्विच’ लिहिलेलं असतं तेव्हा प्रवाह सुरू करायचा असतो. प्लंबिंग आणि वायरिंग दोन्ही पाहणाऱ्या मेंटेनन्सच्या माणसाला एकाच शब्दाचे हे दोन उलटे अर्थ एकाच शिफ्टमध्ये सांभाळावे लागतात. एनओ आणि एनसी, म्हणजे नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड, अशी कॉन्टॅक्टची दोन नावं तो झोपेतही सांगेल. इमर्जन्सी स्टॉपला नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट का लावतात, तेही त्याला विचारून पाहावं. वायर तुटली तरी सर्किट उघडतं आणि मशीन थांबतं, हे तो समजावून सांगेल, आणि सांगताना त्याच्या तोंडून निघणारं इंग्रजी अचूक असेल.

काही शब्द तर स्वतःच स्वतःचे विरुद्धार्थी असतात. फास्ट म्हणजे वेगाने जाणारा, आणि फास्ट म्हणजेच घट्ट बसलेला. या दुसऱ्या अर्थातून फासन आणि फास्टनर हे शब्द आले. चाकण पट्ट्यात बोल्ट-नटांना जो फास्टनर म्हणतात, तो हाच. अलार्म ‘वेंट ऑफ’ म्हणजे तो वाजला, आणि दिवा ‘वेंट ऑफ’ म्हणजे तो विझला. ओव्हरसाइट म्हणजे देखरेख, आणि ओव्हरसाइट म्हणजे नजरचूकही. ऑडिट रिपोर्टमध्ये हा शब्द आला तर आख्खं वाक्य वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये.

चाकणमध्ये जर्मन, जपानी, कोरियन कंपन्या आल्यापासून आणखी एक पदर वाढला. ज्या इंग्रजीत मेल येतो, ती कित्येकदा लिहिणाऱ्याचीही दुसरी भाषा असते. जर्मन भाषेत ‘इव्हेंटुएल’ म्हणजे कदाचित, इंग्रजीत ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे शेवटी, सरतेशेवटी. जर्मनमध्ये ‘आक्टुएल’ म्हणजे सध्याचा, ताजा, इंग्रजीत ‘अ‍ॅक्च्युअल’ म्हणजे प्रत्यक्षातला. तेव्हा जर्मनीतून ‘अ‍ॅक्च्युअल ड्रॉइंग पाठवा’ असा निरोप आला, तर पाठवणाऱ्याला सर्वांत नवी रिव्हिजन हवी असण्याचीच शक्यता जास्त. विचारून घेतलेलं बरं. आपल्या बाजूनेही असे सापळे आहेत. भारतात ‘काइंडली रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. इंग्लंड-अमेरिकेत रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणं. ड्रॉइंगच्या नव्या रिव्हिजनबद्दलच्या मेलमध्ये ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं, तर वाचणाऱ्याने जुन्या रिव्हिजनवर परत जायचं की नुसतं उत्तर पाठवायचं? ‘आय हॅव अ डाउट’ हेही तसंच. आपल्याला नुसता प्रश्न विचारायचा असतो, समोरच्याला वाटतं याला आपल्या बोलण्यावर संशय आहे.

ग्राहकाची तक्रार आली की भरावा लागणारा ८ डी रिपोर्ट ही या भाषेची खरी परीक्षा. फोर्डने ही पद्धत १९८७ मध्ये घालून दिली, आणि आज गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत ती सगळीकडे चालते. त्यात करेक्शन आणि करेक्टिव्ह अ‍ॅक्शन यांची सरमिसळ झाली की रिपोर्ट परत येतो. सापडलेला दोष दूर करणं म्हणजे करेक्शन. लॉट वेगळा काढला, सॉर्टिंग केलं, खराब जॉब बदलून दिले. दोषाचं कारण दूर करणं, म्हणजे तो पुन्हा उद्भवू नये असं करणं, ही करेक्टिव्ह अ‍ॅक्शन. रीमर झिजला म्हणून बोअर लहान येत होतं, तेव्हा ठरावीक जॉबनंतर रीमर बदलायचा नियम कंट्रोल प्लॅनमध्ये घातला. आणि जो दोष अजून घडलाच नाही, पण घडू शकतो, त्याचं कारण आधीच काढलं तर प्रिव्हेंटिव्ह. करेक्टिव्ह अ‍ॅक्शनच्या रकान्यात ‘ऑपरेटरला सूचना दिली’ एवढंच लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा शब्दाची व्याख्या कुणी नीट सांगितलेली नसते. ती सांगितली की त्याचा रिपोर्ट सुधारतो, आणि बऱ्याचदा कामही.

मग हे शब्द शिकायचे कसे? इथे संशोधनाने एक अनपेक्षित गोष्ट दाखवली आहे. समानार्थी आणि विरुद्धार्थी जोड्या एकदमच पाठ करण्याची आपली शाळकरी सवय तोट्याची ठरते. टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि वॉरिंग यांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत, अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकणाऱ्यांना ते लक्षात ठेवायला जास्त वेळ लागला. टफ आणि ब्रिटल एकाच दिवशी पहिल्यांदा भेटले, तर पुढे कोणता कोणता हेच आठवत नाही. म्हणून जोडीतला जास्त वापरातला शब्द आधी पक्का करावा, तो तोंडात बसला की काही दिवसांनी त्याचा विरुद्धार्थी आणावा. समानार्थींचंही तेच. आधी एक शब्द घर करून बसू दे, मग शेजारी ओळखीला येऊ देत.

किती शब्द लागतात, याचाही अंदाज आहे. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांच्या २००६ च्या अभ्यासानुसार इंग्रजी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं कुणाच्या मदतीशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुलं लागतात, आणि बोलणं समजायला सहा ते सात हजार. कुल म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक. आकडा मोठा आहे, पण वाटेत एक सोयीचा टप्पा येतो. एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक लिखाणात सर्वत्र येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी केली. त्या यादीत एलिमिनेट, मॉडिफाय, इम्प्लिमेंट, एन्शुअर, डीव्हिएट हे शब्द आहेत. कारखान्यातल्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये रोज भेटणारे हे शब्द विद्यापीठाच्या पुस्तकांची दारं उघडतात. डिप्लोमानंतर कामावर लागलेल्या आणि सुट्टीच्या दिवशी पदवीचा अभ्यास करणाऱ्या मुलासाठी ही मोठी जमेची बाजू आहे, आणि ती त्याला कुणीतरी सांगायला हवी.

पाठांतरासाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ साली सांगितलेली पेटी अजूनही उत्तम. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला व्याख्या आणि आपल्या कामातलं एक वाक्य. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, आणि पुढचा कप्पा आणखी उशिरा उघडायचा. चुकलं की पुन्हा पहिल्या कप्प्यात. कंपनीच्या बसमध्ये निगडीहून चाकणला जाताना, तळेगाव चौकात ट्रॅफिक तुंबलेलं असताना, वीस कार्डं सहज होतात.

शब्द वाढवण्याच्या या धडपडीत उद्योगजगतातली एक उलटी वाटही माहीत असावी. विमानांच्या देखभालीची पुस्तकं जगभरचे मेकॅनिक वाचतात, त्यांच्यासाठी युरोपातल्या विमान उद्योगाने १९८० च्या दशकात एक नियंत्रित इंग्रजी तयार केलं. आज ते एएसडी-एसटीई १०० या नावाने ओळखलं जातं. त्यात सुमारे नऊशे सर्वसाधारण शब्दांनाच परवानगी आहे आणि शक्यतो प्रत्येकाला एकच अर्थ. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणं, एवढंच. सूचना ‘फॉलो’ करायच्या नाहीत, ‘ओबे’ करायच्या. ‘क्लोज’ हे फक्त बंद करण्याचं क्रियापद. जवळ म्हणायचं असेल तर ‘निअर’. माती उपसणारी अवजड यंत्रं करणाऱ्या कॅटरपिलर कंपनीने १९७० च्या दशकात असाच प्रयोग आठशेच्या आसपास शब्दांवर केला होता. नऊशे शब्दांत विमानाचं आख्खं इंजिन उतरवायला शिकवणारा लेखक शब्दांत गरीब नसतो. कोणते समानार्थी सोडायचे आणि का, हे ठरवायला त्याला ते सगळे आधी नीट माहीत असावे लागतात.

वहीत एका शब्दाला एक पान द्यायचं ठरवलं, तर या पट्ट्यासाठी सुरुवातीला ‘यील्ड’ घ्यावा. चाकणचा कांदा बाजार कारखान्यांच्या आधीपासूनचा. खेड तालुक्यातल्या ज्या घरात वडील शेती पाहतात आणि मुलगा प्रेस शॉपमध्ये आहे, तिथे दोघांनाही हा शब्द लागतो. शेतात यील्ड म्हणजे एकरी उतारा. धातूत यील्ड म्हणजे ताण सोडल्यावरही पत्रा पूर्ववत होत नाही, कायमचा वाकतो, ती सुरुवात. पत्र्याला आकार द्यायचा तर डायने त्याला त्या मर्यादेपलीकडे न्यावंच लागतं. चालू गाडीच्या चेसिसला मात्र तिथवर कधीही पोहोचू द्यायचं नाही. परदेशातल्या रस्त्यावर यील्ड म्हणजे दुसऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. मूळ जुन्या इंग्रजीत, अर्थ देणं, चुकतं करणं. जमीन पीक देते, धातू ताणाला वाट देतो, चालक रस्ता देतो. लाइनवर फर्स्ट पास यील्ड म्हणजे रिवर्क न करता पहिल्याच वेळी बरोबर निघालेल्या जॉबचं प्रमाण. चार ऑपरेशनं आहेत आणि प्रत्येकाचं यील्ड ९५ टक्के आहे, तर शेवटी शंभरात सुमारे ८१ जॉबच कुठेही न अडता बाहेर पडतात. पानाच्या खाली विरुद्धार्थींसाठी जागा ठेवावी, आणि प्रत्येक अर्थासमोर वेगळा शब्द लिहावा : धातूसमोर रेझिस्ट, लाइनसमोर लॉस, रस्त्यासमोर ओव्हरटेक नव्हे तर प्रोसीड. शेतासमोर काय लिहायचं, ते वडिलांना विचारून.